शेवग्याखालची माती

आई, खिडकीच्या कट्ट्यावर काचेचे दोन पेले ठेवलेत. दोन्हींत आपल्याच वावरातली दोन-दोन चमचे माती आहे, वरून नितळ पाणी ओतून सकाळी दहाला ढवळून ठेवलंय. आता दोन वाजत आले. उजवीकडच्या पेल्यातली माती केव्हाच तळाला बसली, वरच्या पाण्यातून पलीकडची पार्किंगमधली झाडं दिसतायत. डावीकडचा पेला मात्र गढूळच, दूध जास्त झालेल्या चहासारखा. तो संध्याकाळपर्यंत तसाच राहणार हे मला माहीत आहे, रोजचंच काम आहे माझं, तरी दर पाच-दहा मिनिटांनी उठून बघून येते. आज रविवार. प्रयोगशाळेत माझ्याशिवाय कोणी नाही. वॉचमन दोनदा येऊन विचारून गेला, मॅडम, अजून किती वेळ. त्याला म्हटलं, माती बसेपर्यंत. त्याला ते काही समजलं नाही, आणि समजावून सांगण्याइतका धीर आज माझ्यात नाही.

उद्या सकाळी वावरात मुरमाचे हायवा ट्रक येणार आहेत. दादानं ठरवलंय, लॉन्स करायचं. लग्नाचं लॉन्स, आई. तुझ्या वेळी आपल्या रस्त्याला एक होतं, आता मोजायची सोय नाही. जिथं फ्लॉवर आणि कोथिंबीर होती तिथं आता कमानी आणि पार्किंगचे बोर्ड आहेत. तुझ्या दोन एकरांवर आधी मुरूम पडेल, मग त्याच्यावर रोलर फिरेल. दादा काही वाईट नाही, तुला माहीत आहे. सातपूरच्या कंपनीतली नोकरी सांभाळून चौदा वर्षं, म्हणजे तू गेल्यापासून, तो त्या जमिनीशी झटतोय आणि धड एक पीक हाताला लागलेलं नाही. परवा फोनवर म्हणाला, "मेलीये गं ती जमीन. तू एकदा तुझ्या मशिनीत बघ आणि मेलीये म्हणून सांग, म्हणजे माझ्याबी जिवाला बरं वाटंल." रविवारी संध्याकाळपर्यंत सांगते म्हणाले. ती संध्याकाळ आजची.

आणि मग नेहमीचं ते वाक्य म्हणाला. "आईनंच पाणी पाजून पाजून मारली ती." मायेनं म्हणतो, हसत म्हणतो, पाहुण्यारावळ्यांत म्हणतो. सगळे मान डोलावतात. इतक्या वर्षांत मी एकदाही त्याला अडवलेलं नाही.

तू आणि जास्त पाणी. हसू येतं मला, आणि रागही. पाण्याच्या बाबतीत तुझ्यासारखी कंजूष बाई मी बघितली नाही. पाणी दिल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी तू चपला बांधावर काढून वावरात शिरायचीस, चार पावलं चालायचीस आणि उजवी टाच मातीत रोवायचीस. मग मूठभर माती उचलून तिचा लाडू वळायचीस आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचीस. लाडू फुटून मोकळा झाला की म्हणायचीस, "आला वाफसा. धरा आता." तसाच चपटा बसला तर चपला घालून घरी. अर्धा दिवस मागंपुढं झाला तरी तू कोणाला वावरात पाऊल टाकू द्यायची नाहीस. मी लहानपणी समजत होते की वाफसा म्हणजे कोणी पाहुणा असावा, इतकी तू त्याची वाट बघायचीस. पुढे कॉलेजात आम्हाला तेच शिकवलं. मातीत ओल आणि हवा दोन्ही जेव्हा बेताची असतात ती वेळ, आणि ती येते की नाही हे मातीच्या कणांची रचना ठरवते. मी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. हे आपल्या आईला येतं असं काही तेव्हा मनात आलं नाही.

दादाच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात आपण बोअर घेतलं. जुन्या विहिरीचं पाणी शेवटच्या दोन महिन्यांत तळाला जायचं म्हणून. बोअरचं पाणी लागलं त्या दिवशी दादानं मोटरीला नारळ फोडला आणि तू त्याच पाण्यात संध्याकाळी हरभरा शिजवलास. मला तो हरभरा आजही तोंडात जाणवतो. विहिरीचं पाणी जड होतं, डाळ शिजता शिजायची नाही, हंड्याला आतून पांढरा थर धरायचा, केस धुतले की त्यांचा काथ्या व्हायचा. हरभरा घातला की तू चिमूटभर खायचा सोडा टाकायचीसच. त्या दिवशी पातेल्यावरचं झाकण काढून तू वहिनीला म्हणालीस, "बघ गं, सोडा न टाकता कसा लोण्यावाणी झाला. लय गोड पाणी लागलं आपल्याला." वहिनी नवी होती, मान हलवून हसली. मी सुट्टीला घरी आले होते, शेतीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, मातीचा पेपर नुकताच सुरू झाला होता. मी दोनदा वाढून घेतलं.

सोडा न टाकता शिजला, कारण सोडा पाण्यातच होता. इतकं साधं होतं ते. विहिरीच्या जड पाण्यात चुना होता. डाळ अडवणारा, हंड्याला चिकटणारा तो चुनाच मातीच्या बारीक कणांना एकमेकांशी धरून ठेवत होता, त्यांचे रवाळ दाणे करत होता, दाण्यांमधून पाणी खाली जायला आणि हवा आत यायला वाट ठेवत होता. बोअरच्या पाण्यातल्या सोड्यानं हळूहळू त्या चुन्याची जागा घेतली. मग कण एकमेकांपासून सुटले, पिठासारखे झाले, त्यांनी सगळ्या वाटा बुजवल्या. मातीत काय विरघळलंय त्यावर माती हाताला कशी लागते हे ठरतं. मी रोज येणाऱ्या शेतकऱ्यांना हे सांगते, पेन्सिलीनं चित्र काढून सांगते. आपल्या स्वयंपाकघरात ते ताटात वाढलेलं होतं आणि मी वर लिंबू पिळून खाल्लं.

दीड वर्षानं, माझ्या शेवटच्या वर्षात, प्रात्यक्षिक परीक्षेसाठी प्रत्येकानं घरच्या शेतातला मातीचा नमुना आणायचा होता. मी होस्टेलवरून शेजारच्यांच्या फोनवर तुला सांगितलं, माती परीक्षा आहे, वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घे, एकत्र कर, त्यातली अर्धा किलो दादाबरोबर पाठव. दादा पिशवी घेऊन आला. पिशवी तू जुन्या लुगड्याची शिवली होतीस, तोंडाला नाडी. आतली माती बघून आमच्या वर्गातल्या पोरी म्हणाल्या, ही माती आहे की रवा? एक खडा नाही, ढेकूळ नाही, नाकाशी धरली तर गोड वास. तपासायच्या आधी नमुना कागदावर पसरून काडीकचरा चिमट्यानं वेचायचा असतो, तेवढंही काम उरलं नव्हतं. सामू म्हणजे पीएच बरोबर, क्षार बरोबर, सेंद्रिय कर्ब तर वर्गात सगळ्यांत जास्त. नत्र तेवढं कमी आलं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, सुंदर नमुना. मला पहिला नंबर मिळाला. रिपोर्टची एक प्रत मी घरी आणली आणि तू ती देवघराच्या बाजूच्या खिळ्याला लावलीस.

त्या कागदावर तुझी तीन वर्षं गेली, आई. नत्र कमी म्हणून तू युरिया टाकलास, बाकी सगळं चांगलं म्हणून बोअरचं पाणी चालू ठेवलंस. तोपर्यंत वावर बदललं होतं. पाणी दिलं की वरच उभं राहायचं, दोन दोन दिवस आभाळ दाखवत. मग एकदम वाळून दगड. दोन्हींच्या मधला तो तुझा दिवस येईनासाच झाला. मेथी टाकली की वर खपली धरायची आणि खालचा कोंब तिला धडका देऊन खालीच वाकडा व्हायचा. तू सकाळी उकिडवी बसून ओळीओळीनं ती खपली नखांनी फोडायचीस. दोन एकर, आई. नखांनी. खपली मऊ व्हावी म्हणून वरून थोडं पाणी शिंपडायचीस, आणि तेवढंच गावानं बघितलं, दादानं बघितलं: बाई सारखं पाणी घालते.

तू मला सांगितलं होतंस. सुट्टीला आले की दर वेळी. "माती पाणी पीत नाय गं. वाफसाच येत नाय. चोपण व्हाया लागलीये." चोपण हा शब्द तू वापरला होतास, सोड्यानं घट्ट झालेल्या जमिनीचा, अगदी तोच, जो मी आज शेतकऱ्याला कळावं म्हणून रिपोर्टवर कंसात लिहिते. मी म्हणायचे, चोपण असती तर सामू बोलला असता. एकदा निंदणीला बायका आल्या होत्या, वहिनी चहा घेऊन आली होती, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुझ्या त्या कागदाला म्हणावं, एकदा अनवाणी चाल माझ्या वावरात." बायका हसल्या. मला लागलं ते. मी म्हटलं, "मग कॉलेज कशाला केलं मी? तुझ्या टाचेलाच विचारायचं होतं सगळं." त्या पुन्हा हसल्या, या वेळी तुला. तू चहा संपवून कप विसळलास, खुरपं उचललंस आणि ओळीत जाऊन बसलीस. त्यानंतर मातीबद्दल तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. भाजी, पाऊस, माझं लग्न, वहिनीचं बाळंतपण, सगळं बोललीस. माती नाही.

मला इथं नोकरी लागली तेव्हा तू डझनभर पिशव्या शिवून दिल्यास, त्याच लुगड्याच्या. म्हणालीस, प्लास्टिकात मातीला घाम येतो. मी पेढे शोधत होते आणि तू पिशव्या दिल्यास म्हणून मनातून जरा खट्टू झाले होते. शेवटच्या आजारपणात तू दवाखान्यातल्या खाटेवर हाताची नखं बघत होतीस. मला वाटलं, मेंदी लावायचीये का काय. तू म्हणालीस, "माझ्या हाताला यश नाय उरलं. इतकी वर्षं देत होती ती जमीन." मी म्हटलं, आई, असं काही नसतं, तू आराम कर. हे तेव्हाचं माझं बोलणं. शब्दाला शब्द आठवतं, आणि नको तेव्हा आठवतं. द्वारका चौकाच्या सिग्नलला बस थांबली की हमखास.

गेल्या महिन्यात वावर बघायला गेले. दादा मुरूमवाल्याशी टेप लावून मापं घेत होता, मी आणि वहिनी जुन्या विहिरीपाशी शेवग्याखाली बसलो होतो. तो शेवगा अजून आहे. आपल्या अख्ख्या वावरात तेवढंच एक झाड, तेवढाच एक कोपरा, जिथं बोअरची नळी कधी पोचली नाही. वळकटीएवढ्या त्या तुकड्याला विहिरीचंच पाणी आणि गोठ्यातलं शेण. खाली माती अजून भुसभुशीत. मी बोलता बोलता सहज मूठभर उचलली, लाडू वळला, सोडला. फुटला. मी म्हटलं, वहिनी, सगळं वावर असं होतं एकेकाळी, माझ्या परीक्षेला आईनं पाठवलेली माती अशीच होती. वहिनी शेंगा तोडत होती, न बघताच म्हणाली, "अशीच म्हंजे? हीच ती. मीच तर घमेलं धरलं व्हतं."

मी विचारलं, हीच म्हणजे?

"आत्याबाई म्हणल्या, परीक्षा हाय म्हणत्यात मातीची. मग चांगली बघूनच पाठवू, लेकरू नापास व्हाया नको. इथली काढली, उन्हात सुकवली, चाळणीनं चाळली, सुपात घेऊन खडे निवडले. तांदूळ तरी इतके कुठं निवडतो आपण, ताई?" आणि हसली ती. तिच्या लेखी ती एक गोड आठवण होती.

परीक्षा म्हटलं होतं मी. तुझ्या कानानं बरोबरच ऐकलं. परीक्षेला लेकराला आंघोळ घालून, भांग पाडून, धुतलेले कपडे घालून पाठवतात, तशी तू माती पाठवलीस. तुला काय माहीत की या परीक्षेत मळकंच जायचं असतं. मी सांगायला हवं होतं, आणि मी नागमोडी चालायला सांगून फोन ठेवून दिला.

त्या दिवशी तिथूनच उठले आणि तुझ्या उरलेल्या पिशव्या घेऊन दुसऱ्या शनिवारी परत गेले. शेवग्याखालची एक पिशवी वेगळी भरली, मग वावरात अकरा ठिकाणी स्वतः खड्डे घेतले. कुदळ टणकन उडायची. सामू साडेआठच्या वर, सोडा भरपूर. तू म्हणालीस तेच. पण मेलेली नाहीये ती, आई. मेलेली मातीही मी बघितलीये, तिचा आकडा वेगळा असतो. ही फक्त बांधली गेलीये. जिप्सम टाकायचं, त्यातला चुना सोड्याची जागा परत घेईल, कडेनं चर काढायचे म्हणजे सुटलेला सोडा पावसाबरोबर वाहून जाईल, बोअर बंद ठेवून जुनी विहीर उपसायची आणि तिचंच ते डाळ न शिजवणारं पाणी द्यायचं, एक-दोन हंगाम हिरवळीच्या खताचा धैंचा पेरून फुलायच्या आत गाडायचा. तीन वर्षं लागतील, कदाचित चार. दादाला तीन वर्षं सांगायची तर जमीन कशानं बिघडली हे सांगावं लागतं, आणि ते सांगायचं तर तो खिळ्यावरचा कागद खाली काढावा लागतो.

काल केला त्याला फोन. तयारी करून केला. म्हटलं, दादा, माझा तो रिपोर्ट खरा नव्हता, ती माती शेवग्याखालची होती, आईनं चांगली म्हणून पाठवली होती. मुरूम थांबव. तो मोठ्यानं हसला. "म्हंजे आईनंच गंडवलं तुला. पाणीबी तिनंच पाजलं आन् मातीबी तिनंच बदलली. काय बाई व्हती." आणि मी, आई, मीही हसले त्याच्याबरोबर. तोंडातून निघूनच गेलं ते हसू.  तुला सोडवायला गेले आणि आणखी एक गाठ तुझ्याच गळ्यात बांधून आले. मुरमाचं काही थांबवलेलं नाही त्यानं. म्हणाला, आता काय उपयोग, ॲडव्हान्स दिलाय.

म्हणून हे पेले, उजवीकडे शेवग्याखालची माती, डावीकडे बाकीच्या वावरातली. आत्ताच डावीकडच्या पेल्यात बोटाच्या चिमटीएवढं जिप्सम टाकून आले. हे लिहिता लिहिता तिसऱ्यांदा उठले. वरचा बोटभर थर निवळायला लागलाय. खाली माती गोळा होतेय, दाणा दाणा धरतेय, जशी धरायला पाहिजे तशी. संध्याकाळच्या बसनं दोन्ही मातीच्या पिशव्या, डबाभर जिप्सम आणि बाटलीभर पाणी घेऊन निघते आहे. त्याच्या ओट्यावर त्याच्याच पेल्यांत हे सगळं पुन्हा करीन. डोळ्यांनी बघितल्यावर त्याला पटेल, तो तुझाच मुलगा आहे. पटलं की मात्र तो मला विचारणार. लहानपणापासून तो असा एकच प्रश्न विचारतो आणि बरोबर तिथंच विचारतो. म्हणेल, तू तर शिकलेली होतीस, तुला माती बघून कळलं नाही?

ते उत्तर माझ्या तोंडात बसत नाहीये. सकाळपासून पेल्यांशी खेळतेय ती त्याचीच टाळाटाळ. म्हणून हा कागद घेतला, आधी तुला सांगून बघावं म्हणून. वॉचमन किल्ल्या वाजवतोय. कागद काही कुठं पाठवायचा नाहीये. रिकाम्या पिशवीत घालते आणि नाडी ओढते.

तू चाळलं होतंस, सुपात निवडलं होतंस, तरी एक राहून गेलं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी नमुना कागदावर पसरला तेव्हा त्यात एक वाळकं पान निघालं, करंगळीच्या नखाएवढं, गोल. मी ते चिमट्यानं उचललं, उजेडात धरलं, जरा वेळ धरून ठेवलं, मग बेसिनमध्ये टाकून वरून नळ सोडला. ते शेवग्याचं होतं, आई. मी ओळखलं होतं.